मधल्या कंठाची कैफियत

कांहीं महिन्यांपूर्वीं मुंबईस एका सभागृहांत व्हेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा प्रयोग पडद्यावर दाखविण्यांत आला, तेव्हां आम्हीहि प्रेक्षकांत होतों. मध्यंतरांत मंडळी चहाचे पेले हातीं घेऊन उभी असतां आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित गृहस्थांनीं शेजारच्या बाईंना समजावून सांगितलें कीं, मिसरच्या राजकन्येची, म्हणजे अम्नेरिसची, भूमिका करणारी गायिका ‘मेझो-सोप्रानो’ आहे. आणि मेझो म्हणजे अर्धा, तेव्हां मेझो-सोप्रानो म्हणजे जिला पुरती सोप्रानो होतां आलें नाहीं ती! बाई हंसल्या, आजूबाजूचे चारदोन लोक हंसले, आणि तेवढ्यांत घंटा वाजल्यामुळें आम्हांला उत्तर देण्याची संधि मिळाली नाहीं. पुढें चौथ्या अंकांत त्याच अर्ध्या कंठानें सारें सभागृह असें कांहीं हलवून सोडलें कीं, आमचे गृहस्थ रुमाल काढून डोळे टिपूं लागले. डोळे टिपले खरे, पण विधान मागें घेतल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. म्हणून जें उत्तर त्या दिवशीं राहून गेलें तें आज येथें देत आहों.

या विधानाचा दोष सर्वस्वीं त्या गृहस्थांवर घालणें न्यायाचें होणार नाहीं. बराचसा दोष नांवाचा आहे. इटालियन भाषेंत ‘सोप्रा’ म्हणजे वर. त्यावरून ‘सोप्रानो’ हें सर्वांत उंच स्त्रीकंठाचें नांव पडलें. ‘मेझो’ या शब्दाला मात्र मधला आणि अर्धा असे दोन्ही अर्थ आहेत, आणि कोश पाहून मत बनविणाऱ्या माणसाच्या हातीं नेमका दुसरा अर्थ लागतो. पण पहिला अर्थ घेतला तरी नांवांतलें शल्य जात नाहीं. कारण मोजण्याचें माप सोप्रानोचेंच राहतें. सोप्रानो हा बंदा रुपया आणि हा कंठ त्याची मोड, असा हिशेब त्या नांवांतच बसलेला आहे. पुरुषांचे कंठ घ्या. उंच टेनर आणि खर्जांतला बास यांच्यामध्यें जो कंठ, त्याला बॅरिटोन म्हणतात. तें नांव ‘जड सुराचा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलें आहे. बॅरिटोनला ‘अर्धा टेनर’ म्हणण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. मधल्या पुरुषाला त्याचें स्वतःचें नांव मिळालें आणि मधल्या स्त्रीला शेजारणीच्या नांवानें हांक मारण्यांत आली, हा केवळ योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या सप्तकांतला मध्यम हा पंचमाच्या निम्मा आहे असें कोणी म्हणेल, तर गायनशाळेंतील पहिल्या वर्षाचा विद्यार्थीहि त्याला हंसेल.

बरें, अर्धेपणाचा हिशेब तरी जमतो काय? सोप्रानोचा विस्तार ढोबळ मानानें पियानोच्या मधल्या ‘सी’पासून दोन सप्तकें वर समजतात; मेझोचा त्याच ‘सी’च्या खालच्या ‘ए’पासून दोन सप्तकें वर. दोघींच्या विस्ताराची लांबी एकच. सरकला आहे तो फक्त आरंभ, आणि तोहि हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांनीं, म्हणजे षड्जापासून कोमल गांधारापर्यंत जेवढें अंतर तेवढा. या एका कोमल गांधारावर एवढें उच्चनीच उभारण्यांत आलें आहे! त्यांतहि गंमत अशी कीं, कित्येक मेझो गायिका वरचा ‘सी’ बिनदिक्कत लावतात, आणि कित्येक सोप्रानो गायिका तो लावतांना श्रोत्यांचा जीव टांगणीला लावतात. तेव्हां कंठाची जात त्याच्या वरच्या टोंकावरून ठरत नाहीं. तो राहतो कोठें यावरून ठरते. माणूस गच्चीवर जाऊन येतो म्हणून कांहीं गच्ची हा त्याचा पत्ता होत नाहीं. तीन तासांच्या प्रयोगांत ज्या सुरांवर पुन्हा पुन्हा यावें लागतें, जेथें शब्द स्पष्ट राहतात, जेथें श्वास पुरतो, आणि ऐकूं जाण्यासाठीं जेथें ओरडावें लागत नाहीं, तें त्या कंठाचें घर.

आणि हें घर बहुतांशीं निसर्गाने बांधून दिलेलें असतें. १८५४ सालीं मान्वेल गार्सिया या गायनगुरूनें एक छोटा आरसा घशाशीं धरून आपल्याच स्वरतंतूंचें चलन पाहिलें, आणि पुढल्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आपलें निरीक्षण मांडलें. तेव्हांपासून कंठाची जात हा केवळ उस्तादांच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाहीं. स्वरतंतूंची लांबी व जाडी, घशाची व तोंडाची पोकळी, हीं ज्याचीं त्याचीं. तालमीनें कंठ मोठा होतो, चपळ होतो, टिकाऊ होतो. त्याचें घर सहसा बदलत नाहीं. हाच गार्सिया मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो या दोन थोर गायिकांचा भाऊ, आणि दोघी बहिणींचें सामर्थ्य या मधल्या व खालच्या सुरांतच मुरलेलें होतें, ही गोष्ट येथें सांगून ठेवितों. व्हियार्दोबाईंचें काम आम्हांस पुढें लागणार आहे.

नांवानें नुसता अपमान झाला असता तर आम्ही एवढा कागद खर्च केला नसता. मालमत्तेचीहि चोरी झालेली आहे. १८१६ सालच्या फेब्रुवारींत रोम येथील तेआत्रो आर्जेंतिनांत रॉसिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’ प्रथम रंगभूमीवर आला. पहिल्या रात्रीं तो पडला आणि लगेच उचलला गेला, ही कथा प्रसिद्धच आहे. त्याची नायिका रोझिना. ही भूमिका रॉसिनीनें जेल्त्रुदे रिगेत्ती-जॉर्जी या बोलोन्याच्या गायिकेसाठीं लिहिली. त्यांचा कंठ खालचा, भरदार, आणि असें असूनहि तानेला चपळ. याच बाईंसाठीं त्यानें पुढल्या वर्षीं ‘ला चेनेरेंतोला’ची नायिका लिहिली. (बाई लेखणीच्याहि धनी होत्या, १८२३ सालीं त्यांनीं रॉसिनीविषयीं एक पुस्तिका छापून प्रसिद्ध केली.) रोझिना ही पालकानें कुलपांत ठेवलेली, पण कुलपापेक्षां शहाणी अशी मुलगी. आपण किती गुणी आणि प्रसंगीं किती विखारी, हें ती पहिल्याच गीतांत सांगून टाकते. आतां असली धमकी खालच्या सुरांत, हंसत हंसत दिली म्हणजे ऐकणारा सावध होतो. तीच वरच्या पट्टींत दिली कीं पिंजऱ्यांतल्या पांखराची किलबिल होते. रॉसिनीला नागीण पाहिजे होती, पांखरूं नव्हे.

पुढें काय झालें? रोझिना लोकप्रिय झाली, आणि लोकप्रिय वस्तु सोप्रानोच्या घरीं नेऊन पोंचविण्याचा जो प्रघात, त्याप्रमाणें तीहि पोंचली. मूळ गीत ‘ई’ पट्टींतलें. तें ‘एफ’ पट्टींत चढविण्यांत आलें. खालचे सूर गाळले गेले आणि त्यांच्या जागीं वरच्या सप्तकांतल्या ताना टांकण्यांत आल्या. गाण्याच्या शिकवणीचा जो प्रवेश आहे त्यांत तर रॉसिनीचें गीत बाजूस ठेवून जी ती बाई आपलें आवडतें गीत घालूं लागली. गायकाच्या सोयीनें पट्टी बदलणें त्या काळीं पाप मानीत नसत, हें आम्हांस ठाऊक आहे, आणि आमची तक्रार सोयीविरुद्ध नाहीं. तक्रार अशी कीं, सोय निरपवादपणें एकाच दिशेनें झाली. सोप्रानोची नायिका खालीं उतरवून मधल्या कंठाच्या स्वाधीन केल्याचीं उदाहरणें शोधावीं लागतात. उलट प्रकार मात्र शंभर वर्षें राजरोस चालला, आणि शेवटीं मूळ मालकीण कोण होती हेंच रसिक विसरले. ‘अल्जीर्समधील इटालियन स्त्री’ आणि ‘ला चेनेरेंतोला’ हीं दोन नाटकें तर फारशीं होतच ना. त्या ताना त्या सुरांत घेणारे कंठ तयार करण्याची कोणास गरजच वाटेनाशी झाली होती.

हा माल परत आणण्याचें श्रेय प्रथम कोंचिता सुपेर्व्हिया या बार्सिलोनाच्या गायिकेला द्यावें लागतें. १९२० नंतरच्या दशकांत तिनें या तिन्ही नायिका मूळच्या कंठाला परत मिळवून दिल्या. १९३६ सालीं बाळंतपणांत ती वारली तेव्हां तिचें वय अवघें ४० होतें. तिच्या मुद्रिका आज ऐकल्या तर कानाला प्रथम थोडा धक्का बसतो. सुरांत एक कंप आहे, तो सर्वांस रुचेल असें नाहीं. पण रोझिनाच्या डोळ्यांतला खट्याळपणा त्या आवाजांत दिसतो, ऐकूं येतो असें सुद्धां नव्हे, दिसतो. तिच्यामागून जुलिएत्ता सिमिओनातो, तेरेसा बेर्गान्सा, मेरिलिन हॉर्न या आल्या. आणि १९६९ सालीं आल्बेर्तो झेड्डा यांनीं मूळ साधनें तपासून ‘न्हाव्या’ची संशोधित प्रत प्रसिद्ध केली. १८१६ पासून १९६९ पर्यंत १५३ वर्षें होतात. घरचें घर मालकिणीच्या नांवावर लागावयास एवढा काळ लागला.

रोझिना निदान परत तरी आली. कंठ गेला म्हणजे तो परत येत नाहीं. येथें पट्टीची हकीकत सांगणें भाग आहे. कारण यूरोपांत नुसत्या भूमिकाच वर चढल्या असें नव्हे, पट्टी स्वतःच चढत गेली. मोझार्टच्या काळीं ‘ए’ हा सूर सेकंदास सुमारें ४२१ कंपनांचा असे. १८५८ सालीं पॅरिसच्या ऑपेरांत तो ४४८ वर जाऊन पोंचला होता. वाद्यें अधिक झळाळावींत म्हणून वादक तारा ताणीत गेले, आणि त्या ताणाचा सगळा भार गळ्यावर पडला. सारंगीची तार तुटली तर दुसरी चढवितां येते. मोझार्टनें लिहिलेला सूर कागदावर तोच राहिला, पण गाणारीला तो जवळजवळ एक पट्टी वर लावावा लागूं लागला. तक्रारी इतक्या वाढल्या कीं फ्रेंच सरकारला समिति नेमावी लागली. तींत रॉसिनी, मेयरबेअर, बर्लिओझ यांच्यासारखे लोक होते. आणि १८५९ सालीं कायद्यानें ‘ए’ ४३५ वर आणून बांधण्यांत आला. पुढें १९३९ सालीं लंडनच्या परिषदेनें ४४० हा अंक ठरविला. एका सुराला खालीं आणावयास सरकार लागतें, पण वर चढवावयास कोणाचीहि परवानगी लागत नाहीं!

या चढाओढीच्या ऐन भरांत कोर्नेली फाल्कन ही मुलगी पॅरिसच्या रंगभूमीवर आली. १८३२ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, तिचें पहिलें काम झालें. १८३५ सालीं हालेव्हीच्या ‘ज्यू स्त्री’ची आणि १८३६ सालीं मेयरबेअरच्या ‘ह्यूगनॉट’ मधील नायिकेची भूमिका तिच्यासाठींच लिहिली गेली. मधल्या सुरांत काळोखी रेशमासारखा कंठ, आणि त्यावर मोठमोठ्या वाद्यवृंदाला भेदून जाणारे वरचे सूर सततचे. १८३७ सालीं ‘स्त्राडेला’ नांवाच्या ऑपेराचा प्रयोग चालू असतां, भर रंगभूमीवर तिचा आवाज गेला. तिचें वय तेव्हां २३ होतें. १८४० सालीं तिनें पुन्हा उभें राहून पाहिलें, पण कंठानें साथ दिली नाहीं. ती १८९७ पर्यंत जगली. म्हणजे ज्या कंठानें तिला पांच वर्षें कीर्ति दिली त्याच्यावांचून तिनें साठ वर्षें काढलीं. आवाज कशानें गेला याविषयीं एकमत नाहीं, आणि आम्हीहि तज्ज्ञाचा आव आणीत नाहीं. पण मधल्या घरांत राहणाऱ्या कंठाला रोज रात्रीं गच्चीवर उभें करण्याचा हा परिणाम असावा, असें मानणारांत आम्ही आहों. जगानें या प्रसंगापासून बोध घेतला तो असा कीं, तसल्या भूमिकांनाच ‘फाल्कन’ असें नांव देऊन टाकलें. जिचा गळा गेला तिच्या नांवानें पुढल्या गळ्यांची भरती सुरू झाली.

यावर आमचे गृहस्थ म्हणतील कीं, तें कांहीं असो, पण संगीतकारांनींच नायिका सोप्रानोला दिली आणि मेझोला चेटकिणी, दाया, सवती व पुरुषवेषांतले पोरगे दिले. त्यांना कां कळत नव्हतें? या आक्षेपांत बरेंच तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. मॅरियन अँडरसनसारखी कृष्णवर्णीय गायिका, जिचा कंठ मेझोच्याहि खालचा, काँट्राल्टो, तिला न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरांत १९५५ सालीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, प्रथम पाऊल टाकूं देण्यांत आलें. वर्णभेदाचें तें दार अखेर उघडलें. पण आंत तिच्यासाठीं मांडलेला पाट कोणता? ‘बुरख्यांचा नाच’ या व्हेर्दीच्या नाटकांतील भविष्य सांगणाऱ्या बाईचा, एका प्रवेशापुरता. खालच्या स्त्रीकंठाला नाट्यसृष्टींत केवढी जागा ठेविली आहे हें त्या एका प्रसंगावरून कळतें.

परंतु संगीतकारांना कळत नव्हतें असें मात्र नाहीं. तोच व्हेर्दी घ्या. ‘इल त्रोव्हातोरे’ (१८५३) मध्यें नायिका लिओनोरा ही सोप्रानो; पण ज्या जिप्सी म्हातारीसाठीं व्हेर्दीनें तो विषय हातीं घेतला ती अझुचेना मेझो आहे, आणि पडदा पडण्यापूर्वींचा निर्णायक उद्गार तिच्या सूडाचा. ‘आयदा’ (१८७१) मध्यें नांव सोप्रानोचें. पण चौथ्या अंकांतील न्यायनिवाड्याचा प्रवेश सर्वस्वीं अम्नेरिसचा. पुरोहित भुयारांत बसून तिच्या प्रियकराला दोषी ठरवीत आहेत, आणि बाहेर ती एकटी. आधीं याचना, मग शाप. हा प्रवेश वरच्या झगझगीत सुरांत लिहिला असता तर तो थयथयाट झाला असता. मानी स्त्री मोडतांना आधीं तिचा आवाज खालीं येतो, हें व्हेर्दीनें ऐकलें होतें. नायक-नायिका दगडी तळघरांत मरतात आणि वर शिळेवर बसून शांतीची प्रार्थना करते ती अम्नेरिसच. दोन नाटकें, दोन्हींच्या शेवटीं निर्णायक शब्द मधल्या कंठाचा; ‘अर्धा’ ठरविलेल्या माणसाला कोणी असा शब्द देत नाहीं.

बिझेच्या ‘कारमेन’चें नांव घ्यावयाची गरजच नाहीं. ३ मार्च १८७५ रोजीं सेलेस्तीन गाली-मारिये हिनें ती भूमिका पॅरिसमध्यें प्रथम केली, बिझे त्याच वर्षीं ३ जूनला वारला, आणि आज जगांतल्या कोणत्याहि गांवीं ऑपेराचा एक सूर ठाऊक असलेल्या माणसाला तो बहुधा याच मेझो नायिकेचा ठाऊक असतो. मालेरनें ‘पृथ्वीचें गाणें’ या आपल्या रचनेंत शेवटचा निरोप, तो एकटाच जवळजवळ अर्धा तास चालतो, खालच्या कंठाच्या स्वाधीन केला. पुरुषवेषांतल्या पोराविषयीं म्हणाल तर महाराष्ट्रानें तरी त्याला हंसूं नये. १९११ सालच्या जानेवारींत ड्रेस्डेन येथें स्ट्राउसच्या ‘रोझेनकाव्हालिअर’ मधला ओक्टाव्हियान हा तरुण, म्हणजे स्त्रीनें वठवावयाचा पुरुष, रंगभूमीवर आला. आणि त्याच वर्षीं आमच्याकडे ‘मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी आली. एकाच वर्षीं दोन रंगभूमींनीं उलट सुलट वेष चढविले आणि दोन्हीकडच्या प्रेक्षकांना त्यांत सौंदर्यच दिसलें.

आतां व्हियार्दोबाईंची गोष्ट. ग्लुकचा ‘ऑर्फिओ’ १७६२ सालीं व्हिएन्नांत झाला तेव्हां त्यांतला गायक-नायक, मृत पत्नीला आणावयास पाताळांत जाणारा, हा एका खच्ची केलेल्या पुरुषाच्या खालच्या कंठासाठीं लिहिलेला होता. त्या अमानुष चालीचा काळ संपला तशी ती भूमिका पोरकी झाली. १८५९ सालीं बर्लिओझनें ती पॅरिसमध्यें पोलीन व्हियार्दोसाठीं नव्यानें बसविली, आणि पत्नीशोकानें वेडा झालेला पुरुष एका स्त्रीच्या मधल्या कंठांतून असा बोलला कीं, तेव्हांपासून ती भूमिका या कंठाची होऊन बसली. कॅथलीन फेरिअर आणि जॅनेट बेकर यांनीं पुढें ती आपापल्या परीनें अजरामर केली. यांतलें मर्म असें: मधला कंठ पुरुषाचा म्हणूनहि पटतो आणि स्त्रीचा म्हणूनहि, वयानें सोळाचा वाटतो आणि साठीचाहि. सोप्रानोला हें साधत नाहीं. ती मुलगी होते, देवता होते, क्वचित् राणी होते. आम्ही सोप्रानोचे वैरी नव्हे. मोझार्ट ऐकावयाचा तर तिच्याचकडे जावें. पण माणसाच्या बोलण्याची जी पट्टी, तिच्या सर्वांत जवळ राहून गाणारा स्त्रीकंठ हा मधला कंठ आहे, आणि म्हणूनच त्याच्यांत ढोंग लपत नाहीं.

ढोंगाचा विषय निघाला म्हणून आमच्याच पक्षाची एक खोड सांगितली पाहिजे. अलीकडे कांहीं तरुण सोप्रानो गायिका, वरच्या सुरांची भीति वाटते म्हणून, आवाज घशांत ओढून काळा करतात आणि स्वतःला मेझो म्हणवितात. तोंडांत सुपारी धरून गायिल्यासारखा तो नाद ऐकला कीं आम्हांस सोप्रानोची किंकाळी बरी वाटते. काळेपणा म्हणजे खोली नव्हे. शिवाय सीमेवरचे कंठ असतात, हेंहि कबूल केलें पाहिजे. ग्रेस बम्ब्री आणि शर्ली व्हेरेट या दोघी मेझो म्हणून गाजल्या आणि पुढें सोप्रानोच्या भूमिकांकडे वळल्या. त्यांचें कांहीं बिघडलें असें म्हणतां येणार नाहीं, पण त्यांच्या अम्नेरिस आणि एबोली ज्यांनीं ऐकल्या त्यांना त्यांच्या तोस्कांची तितकीशी ओढ वाटत नाहीं. क्रिस्टा लुडविग हिनें बेथोव्हेनच्या लिओनोरापर्यंत मजल मारली, परंतु वाग्नरच्या ब्रुनहिल्ड व इझोल्डे या भूमिका रंगभूमीवर कधीं घेतल्या नाहींत. आणि ती वयाची पासष्टी उलटेपर्यंत गात राहिली. ‘नाहीं’ म्हणणें हाहि गायनकलेचाच एक भाग आहे. लोरेन हंट लिबरसन ही तर आरंभीं व्हायोला वाजवीत असे, म्हणजे वाद्यवृंदांतला हाच मधला, दुर्लक्षित आवाज; पुढें सोप्रानो म्हणून गायिली आणि अखेर मेझो म्हणून स्थिरावली. २००६ सालीं, अवघ्या ५२ व्या वर्षीं, ती गेली. तिच्या बाखच्या मुद्रिका ज्यांनीं ऐकल्या नसतील त्यांनीं हा लेख अर्धवट टाकून त्या ऐकाव्या. आमचा राग नाहीं.

१९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ या अंतराळयानांबरोबर जी सोन्याची तबकडी पाठविली तींत यूरोपीय ऑपेरांतलें गान एकच आहे, आणि तें मोझार्टच्या रात्रीच्या राणीचें: स्त्रीकंठानें गांठावयाचें अगदीं वरचें शिखर. परलोकांतल्या श्रोत्यांवर सुद्धां आपली छाप उंचीनें पाडावी असें पाठविणारांना वाटलें. त्याच तबकडीवर आमच्या गोमंतकाच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती उंची दाखवावयास गेलेली नाहीं.

आणि केसरबाईंचें नांव घेतांच आमच्या घरचा विषय येतो, तो टाळतां येणार नाहीं. आमच्या रागसंगीतांत एक मोठें शहाणपण आहे: षड्ज ज्याचा त्यानें ठरवावा. येथें रचना कंठाकडे येते, कंठाला रचनेच्या मागें धांवावें लागत नाहीं. म्हणून आमच्याकडे सोप्रानो नाहीं, मेझो नाहीं, आणि त्यांचें उच्चनीचहि नसावयास पाहिजे होतें. गंगूबाई हनगलांच्या आरंभीच्या मुद्रिका ऐकाव्या. कंठ बारीक आणि उंच. पुढें घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो खर्जाकडे वळला, आणि त्याच कंठानें त्यांनीं पुढल्या अर्ध्या शतकावर किराणा घराण्याची नाममुद्रा उमटविली. त्यांना कोणी अर्धी म्हटल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. ‘पुरुषी’ म्हटलेलें मात्र पुष्कळदां ऐकिलें आहे, आणि तेंहि कौतुकाच्या सुरांत. म्हणजे शहाणपण शास्त्रांत राहिलें. कानांत उतरलें नाहीं. चित्रपटांतल्या बारीक, उंच स्त्रीकंठावर तीन पिढ्या वाढल्या, आणि मुलीचा आवाज म्हणजे तोच, अशी आमच्या दिवाणखान्यांची समजूत होऊन बसली आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरांत सोळा वर्षांची मुलगी आहे. दूरध्वनीवर तिचा ‘हॅलो’ ऐकून नातेवाईक तिला तिच्या भावाच्या नांवानें हांक मारतात, आणि घरांत त्यावर रोज विनोद होतो. पांढरी चारवर ती यमन मांडते तेव्हां खालचा निषाद असा लागतो कीं बोलणारी माणसें गप्प होतात. गेल्या वर्षीं ती एका संस्थेच्या स्पर्धेस उतरली. वेळ वांचावा म्हणून सर्व मुलींसाठीं तंबोरा काळी चारवर लावलेला होता. पंधरा दिवस तिनें त्या पट्टीवर मेहनत केली, घसा सुजला, डॉक्टरांनीं सहा आठवडे मौन सांगितलें. स्पर्धा झाली, बक्षिसें वांटलीं गेलीं, परीक्षकांनीं मुलींच्या ‘गोड’ आवाजांची तारीफ केली.

आम्हीं संस्थेच्या चिटणीसांस पत्र लिहिलें. लिहिलें कीं, तंबोरा हल्लीं यंत्राचा असतो, आणि त्याची पट्टी बदलावयास एक कळ फिरवावी लागते. तीन मुलींमागें एकदां ती फिरविली तर अर्धा मिनिट जाईल. महिन्यानें उत्तर आलें कीं, सूचना पुढील सभेपुढें ठेवण्यांत येईल. सभा झाली किंवा नाहीं हें कळलें नाहीं. यंदाच्या स्पर्धेचें पत्रक परवां हातीं पडलें. त्यांत मुलांसाठीं काळी एक आणि मुलींसाठीं काळी चार असें ठळक अक्षरांत छापलें आहे. अर्ज पाठविण्याची मुदत पंधरवड्यानें संपते. पत्रक त्या मुलीच्या टेबलावर तसेंच पडून आहे.